कामाला लावलेलं सोनं

सुमन गेली त्या सकाळी छत्रीबागेतल्या तिच्या घरून भाच्याचा फोन आला. आधी रडला, मग हळूच म्हणाला, "मावशी, गुरुजी म्हणतात तोंडात सोन्याचा कण ठेवायचा. पूरी अलमारी पाहिली, आत्याकडे सोनंच नाहीये." देवा, अशा वेळी मला हसू यावं! ते सोनं कुठं गेलं हे ठाऊक असलेली मी एकटीच उरले होते. तुळशीपत्र आणि गंगाजल पुरे रे, म्हटलं... आणि मग मात्र खूप रडले.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षं मध्यभारत राज्य होतं, तेव्हाची गोष्ट. आम्ही दोघी मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत नव्या डेमॉन्स्ट्रेटर. सुमनला कातडीचं वेड. गिनीपिगच्या कानाचा पापुद्रा आधी लिंबाच्या रसात आणि मग गोल्ड क्लोराइडमध्ये, म्हणजे सोन्याच्या द्रावणात, बुडवायची. मग सूक्ष्मदर्शकाखाली हातपाय पसरलेल्या काळ्या-जांभळ्या पेशी दिसायच्या. लिंबं आमच्या घरच्या पोह्यांच्या वाट्याची जायची आणि बोलणी मी खायची. सर म्हणायचे, या कातडीचा रंग बनवून थकलेल्या, मरायला टेकलेल्या पेशी. सुमनला ते पटेना. "मरणारं हात आखडून घेतं गं," ती म्हणायची. "या तर कुणाची तरी वाट अडवून उभ्या आहेत." द्रावण संपलं, तेव्हा मेलेल्यांवर सोनं उधळू नका म्हणून सरांनी नवी बाटली मागवलीच नाही.

सुमननं बोटातलं वेढणं काढलं. परीक्षा पास झाली म्हणून आईनं दिलेलं, चोख सोन्याचं. मी म्हटलं, सुमे, डोकं फिरलंय का? पण ऐकेल तर ती सुमन कसली! दोन जहाल आम्लांच्या मिश्रणात वेढणं विरघळलं आणि त्याचं पिवळं पाणी झालं. आईनं रिकाम्या बोटाचं विचारलं, तर म्हणाली, "कामाला लावलंय." काचपट्ट्या सुरेख झाल्या, पण या पेशी करतात काय, ते काही त्यातून कळेना. सर हसले. सुमन पुढे जन्मभर मुलांना शिकवत राहिली, आणि मजेत राहिली.

आमचे केस पांढरे झाल्यावर एकदा ती जर्नल घेऊन घरी आली. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशींच्या अंगावर जे अँटिजेन असतात, जणू ओळखीचे बिल्ले, तेच गिनीपिगच्या या पेशींवर सापडले होते. बाहेरून आलेल्याला पकडून आत वर्दी देणाऱ्या पहारेकरणी होत्या त्या! शोध भलत्यांच्याच नावावर, म्हणून मला वाईट वाटलं. बाईसाहेब मात्र जिलबी घेऊन आल्या होत्या. "बघ, मेलेल्या नव्हत्या," एवढंच म्हणाली आणि स्वतःच्या ताटलीतली जिलबी माझ्या ताटलीत टाकली.

तेराव्यानंतर भाचा आला, तेव्हा तिनं मला दिलेली एक काचपट्टी मी त्याच्या हातात ठेवली. आत्याचं सोनं रे, अलमारीत शोधत होतास ना? त्यानं ती बराच वेळ उजेडात धरली, मग रुमालानं पुसून मलाच परत दिली. आता ती माझ्या टेबलाच्या खणात असते. सकाळी चहाआधी काढून बघते, जांभळा ठिपका तसाच आहे. सुमे, म्हणते, तुझं सोनं अजून कामावर आहे... तू जरा नीज.