गावाबाहेर लिहिलेला बारावा मसुदा

"मॅडम, वही घरात रवली."

संपदाचा फोन सकाळी साडेनऊला आला. मी मालवणात माझ्या क्लासच्या खोलीत बारावीच्या मुलांचं पत्रलेखन तपासत बसले होते.

"मग जा आणि घेऊन ये," मी म्हटलं.

"जावक येणा नाय. गावपळण आसा."

मी पेन खाली ठेवलं. संपदा माझ्याशी कधी मालवणीत बोलत नाही. क्लासात प्रमाण मराठी नाहीतर इंग्रजी, असा माझा दंडक आहे. ती मालवणीवर आली म्हणजे पाणी गळ्याशी आलं होतं.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडच्या काही गावांत दर काही वर्षांनी अख्खा गाव घरदार सोडून वेशीबाहेर राहायला जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी. तीन दिवस आणि तीन रात्री. त्या दिवसांत गाव देवाच्या ताब्यात, माणसाने आत पाऊल टाकायचं नाही. दिवस कधीचा, ते देवाला कौल लावून ठरतं. देव काही परदेशी युनिव्हर्सिटीचं कॅलेंडर बघून कौल देत नाही. संपदाच्या अर्जाची शेवटची मुदत नेमकी गावपळणीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचला होती.

अर्ज साधा नव्हता. समुद्रकाठच्या जीवसृष्टीवरचा दोन वर्षांचा एम.एस्सी., नॉर्वेमध्ये, आणि स्कॉलरशिप मिळाली तरच जाणं. तिच्या घरून तेवढंच शक्य होतं. बाकीची कागदपत्रं चढवून झाली होती. राहिलं होतं एसओपी. एसओपी म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज. मला हेच का शिकायचंय, इथेच का, आणि आजवर मी काय केलं, हे सातशे शब्दांत सांगायचं. मार्क सगळ्यांचेच चांगले असतात. निवड बहुतेक वेळा या सातशे शब्दांवर होते. मी चोवीस वर्षं इंग्रजी शिकवते, त्यातली शेवटची नऊ हेच लिहायला शिकवते.

आता सगळा मजकूर वहीतच का होता, हे विचाराल. तर तो माझाच नियम. शेवटचा मसुदा होईपर्यंत टाइप करायचं नाही. मुलं टाइप करतात, मग कुठल्यातरी ॲपमध्ये घालतात आणि बाहेर येतं ते इंग्रजी इस्त्री केलेलं असतं. म्हणून हाताने लिहायचं, माझ्याकडे आणायचं, मी लाल पेनाने दुरुस्त करणार, पुन्हा लिहायचं. फोटो काढायलाही बंदी. संपदाचे अकरा मसुदे झाले होते. अकरावा इतका सुरेख होता की मी घरी मिस्टरांना वाचून दाखवला. तो ती शेवटच्या दिवशी टाइप करणार होती. निघायच्या घाईत तिने लॅपटॉप घेतला, पासपोर्ट घेतला, सर्टिफिकेटांची फाइल घेतली. वही मात्र स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर राहिली. भातावर लक्ष ठेवता ठेवता ती मसुदा वाचत होती.

मी मुलांना सुट्टी दिली आणि स्कूटर काढली.

गावाची वेस ओलांडली की काजूच्या बागा लागतात. तिथे माडाच्या झावळांच्या खोपींची रांग उभी होती. चुली पेटलेल्या, गुरं बांधलेली, बायका मासे साफ करतायत, पुरुष पत्ते कुटतायत. एवढी मजा मी आमच्या क्लासच्या सहलीतही पाहिलेली नाही. त्यात एकटी संपदा लॅपटॉप मांडीवर घेऊन रडवेली बसली होती. लॅपटॉपवर नुसतं तिचं नाव टाइप केलेलं.

तिचे बाबा गावच्या मानकऱ्यांपैकी एक. म्हणजे कौल लागला की गावाला 'चला' म्हणणाऱ्यांत ते. मी सरळ त्यांच्याकडे गेले.

"दादा, पाच मिनिटांचं काम आहे. कोणीतरी जाऊन वही आणली तर?"

ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. "मॅडम, तुमचा म्हणणा बरोबर असू शकता."

ॲकॅडमिक रायटिंगमध्ये एक प्रकार असतो, त्याला हेजिंग म्हणतात. 'असं आहे' असं ठाम म्हणायचं नाही, 'असं असण्याची शक्यता दिसते' म्हणायचं. माझ्याकडे ऑनलाइन शिकणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मुलांना हे शिकवायला मला महिना लागतो. आमच्या लोकांच्या ते रक्तात आहे. जेवलास का विचारलं तर 'जेवलंय म्हणूक हरकत नाय' असं उत्तर येतं. त्यामुळे दादांचं वाक्य ऐकून मला कळलं की हे 'नाही' आहे.

"मग देवाला विचारू या. कौल लावा," मी म्हटलं.

"देऊळ खंय आसा?" दादांनी विचारलं.

देऊळ गावात होतं. परवानगी देणारा आत आणि मागणारे बाहेर.

पण मी काही सहज हार मानणारी बाई नाही. नियम गावकऱ्यांना, मी तर मालवणची. मी संपदाला म्हटलं, घराची किल्ली दे. ती नको नको म्हणत होती, मी तिच्या हातातून घेतली आणि स्कूटर वेशीकडे वळवली. तिथे वडाखाली दोन म्हातारे बसले होते.

"मॅडम, खंय चललात?" एकाने विचारलं.

"मी या गावची नाही. माका नियम लागू नाय," मी म्हटलं. घाईत मीही मालवणीवर आले.

"ता खरा," ते म्हणाले. "जावा तुमी. कोण अडवूचो नाय."

मी किक मारली. दुसरे म्हातारे अगदी सावकाश म्हणाले, "फक्त गावपळण मोडली तर आमका परत पयल्यापासून तीन दिवस काढूचे लागतले. तुमी जावा. आमी रवतलंव."

मी मागे वळून पाहिलं. साताठशे माणसं, त्यांची गुरं, दोन बाळंतिणी, आणि परवा घरी जाऊ म्हणणारी शाळेची पोरं. मी स्कूटर वळवली. मी किल्ली परत दिली तेव्हा दादांनी माझ्याकडे पाहिलं नाही. लेकीबद्दल नुसतं म्हणाले, "एक वर्स गेला तरी चेडू माझा मरणा नाय, मॅडम." आणि उठून काजूच्या झाडामागे जाऊन उभे राहिले. माणसाला रडायचं असेल तेव्हा तो उगाच झाडाची पानं तपासतो. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त माझ्या नियमाचा राग आला.

अकरा वाजले होते. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अकरा वेळा वाचलेला मसुदा, तो मला पाठ होता. मी खोपीत चटईवर मांडी घातली. "संपदा, टाइप कर. मी सांगते."

आणि खरंच, स्वल्पविरामासकट सगळं आठवत गेलं. पहिला परिच्छेद झाला, दुसरा झाला. मी रंगात आले होते. तिसऱ्या परिच्छेदात 'मल्टिफॅसेटेड ट्रॅजेक्टरी' आलं, तेव्हा संपदाने हात थांबवले.

"मॅडम, हे मी कशाबद्दल लिहिलं होतं?"

"तुझ्या शिक्षणाच्या प्रवासाबद्दल."

"हो का," ती म्हणाली.

खोपीच्या दारात तिची सुलभाकाकी, म्हणजे दादांच्या भावाची बायको, तिसरे फोडत बसली होती. तिसरे म्हणजे खाडीच्या वाळूत मिळणारे शिंपले. काकीने कोयती न थांबवता विचारलं, "मगे थंय शिकूक कोण जातला? ह्या चेडू काय तुमी?"

मी संपदाला तिच्याच मसुद्यातलं एक वाक्य सांगता येईल का, म्हणून विचारलं. तिने बराच विचार केला. शेवटी म्हणाली, "मॅडम, 'आय ॲम'ने सुरुवात होती."

अकरा वेळा लाल पेन चालवून मी त्या पोरीला तिच्या अर्जातून हळूहळू बाहेर काढलं होतं. वेशीबाहेर ती आत्ता आली, तिच्या अर्जाबाहेर ती केव्हाच गेली होती. मी लॅपटॉपवरचं सगळं पुसलं. पुसताना हात जड झाला, खोटं कशाला बोलू.

"आता काकीला सांग, तिकडे कशाला जायचंय. मालवणीत सांग."

संपदाने सांगितलं. काकी आणि तिची आई सुकतीला, म्हणजे ओहोटीला, तिसरे काढायला जातात. पूर्वी ते खाडीच्या अलीकडच्या काठाला मिळायचे, आता पार मुखापर्यंत चालावं लागतं. का, ते कोणालाच माहीत नाही. संपदा पाच वर्षं घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज लिहीत होती, कुठे मिळाले आणि किती टोपल्या मिळाल्या. दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी.

"हे मला कधी सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं, मॅडम. दुसऱ्या मसुद्यात होतं. तुम्ही म्हणालात, घरगुती गोष्टी ॲकॅडमिक रायटिंगमध्ये येत नाहीत."

मी असं म्हणाले होते. अगदी माझ्याच शैलीतलं वाक्य होतं ते.

"घाल," मी म्हटलं. "आणि तिसरे नेमके कधीपासून हलले ते लिही."

"धा वर्सां झाली," काकी म्हणाली.

"धा खंयची? सा," शेजारच्या खोपीतून एक बाई ओरडली. "पूल बांधलो त्या वर्सापासना."

"पुलाचो काय संबंध? वाळू काढूक लागले तेव्हापासना."

बघता बघता पाच बायका जमल्या. ॲकॅडमिक रायटिंगमध्ये लिटरेचर रिव्ह्यू म्हणून एक भाग असतो. आपल्या विषयावर आधी कोणी काय म्हटलंय आणि त्यांचं कुठे पटत नाही, ते मांडायचं. मुलांना मी तो भाग नेहमी कोरडा समजावून सांगते. इथे तो कोयत्या हातात घेऊन चालला होता. मी संपदाला म्हटलं, कोण बरोबर ते ठरवू नकोस, दोन्ही मतं लिही, आणि कॅलेंडरमधलं तुला जे आठवतं ते लिही. तिने लिहिलं. तिचं इंग्रजी साधं होतं, वाक्यं आखूड होती. दोन ठिकाणी माझा हात पुढे गेला. मी तो मांडीखाली दाबून ठेवला.

तोंडी मिळालेल्या माहितीलाही संदर्भ द्यावा लागतो. सांगणाऱ्याचं नाव लिहायचं आणि पुढे 'पर्सनल कम्युनिकेशन'. मी हे समजावून सांगितलं आणि तिथे माझं चुकलं. आता प्रत्येकीला नाव हवं होतं.

"माझा घातलास तर पुरा घाल," काकी म्हणाली. "घोवाचा नाव मधी होया."

"नवऱ्याचं नाव कुठे बसवू, शब्द सातशेच आहेत," मी म्हटलं.

काकीने 'सा' म्हणणाऱ्या बाईकडे बोट दाखवलं. "मगे तिचा काढ. तिका टोपलीत रेती भरूची सवय आसा."

यावर अर्धा तास गेला. शेवटी दोन पक्षांची एकेक बाई घेऊन तह झाला.

पाच वाजता मजकूर तयार झाला, पण खोपीत नेटवर्क नव्हतं. दादा फोन घेऊन काजूच्या बागेतल्या उंच दगडावर चढले आणि हात वर करून उभे राहिले. संपदा खाली लॅपटॉप घेऊन. "हललात तर तुटतं, बाबा," ती ओरडत होती. पत्ते थांबले होते. वेशीवरचे दोन्ही म्हातारेही उठून आले. पाच वाजून एकवीस मिनिटांनी अर्ज गेला. दादा तरीही खाली उतरेनात. कोणी सांगितलंच नव्हतं त्यांना.

दीड महिन्याने तिची ऑनलाइन मुलाखत झाली. तिथल्या प्रोफेसर बाईंनी वीस मिनिटं फक्त तिसऱ्यांबद्दल विचारलं. टोपलीचा आकार एकच होता का, पावसाळ्यात काय करता, सहा वर्षं म्हणणाऱ्या बाईंचं म्हणणं तू का सोडलं नाहीस. संपदा धडाधड उत्तरं देत होती. मी शेजारच्या खोलीत बसून ऐकत होते. माझ्या अकराव्या मसुद्यावर प्रश्न आले असते, तर मुलाखतीला मलाच बसावं लागलं असतं.

तिला स्कॉलरशिपसह प्रवेश मिळाला. ऑगस्टमध्ये ती गेली. जाताना पाचही कॅलेंडरं गुंडाळून नेली.

आता माझ्या क्लासात नियम बदलला आहे. अर्ज पाठवण्याआधी मुलांनी मसुदा बंद करायचा आणि आत काय आहे ते आपल्या भाषेत मला सांगायचं. मजकूर त्यांच्यापेक्षा मला जास्त पाठ असेल, तर तो बाद. या नियमाने गेल्या वर्षी चार मसुदे बाद झाले. चारही मीच लिहिले होते, आणि फार सुंदर होते.