गच्चीवरच्या कुरडया

रोज सकाळी सव्वाआठला मी बादली आणि फडकं घेऊन दवाखान्याच्या गच्चीवर चढते. गुडघे कुरकुरतात, पण हे काम मी दुसऱ्या कुणावर ढकलत नाही. आमच्याकडची धूळ अशी, की आज पुसलेल्या सोलरच्या पॅनेलवर उद्या बोटानं नाव लिहावं. डॉक्टर म्हणतात, "सिस्टर, अहो, हे काय तुमचं काम आहे का?" मी हसून वेळ मारून नेते. खरं कारण सांगायला तोंड नाही.

केज तालुक्यातल्या एका आडगावचा हा सरकारी दवाखाना. मी इथं मुख्य नर्स म्हणून आले तेव्हा लाईटचा काही भरवसा नव्हता. जनरेटर होता, पण डिझेल असलं की तो सुरू व्हायचा नाही, आणि तो सुरू होणार असला की डिझेल नसायचं. मोबाईलच्या उजेडात मी बाळंतपणं केली आहेत. नव्या बाळाला ऊब देणारा वॉर्मर कोपऱ्यात उभा असायचा आणि त्यावर आम्ही स्वेटर ठेवायचो. म्हणून दिवाळीनंतर गच्चीवर सोलर बसलं, त्या दिवशी मी पदरच्या पैशानं पेढे वाटले. लेबर रूमचा दिवा, वॉर्मर, लसींचा फ्रीज, सगळं बॅटरीवर चालायला लागलं. ती पॅनेल्स जणू माझ्या माहेरून आली होती, इतकी मी त्यांना जपायची.

त्याआधी गच्ची मावशींची होती. मावशी म्हणजे आमच्या सफाई कामगार, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. दर उन्हाळ्यात ड्युटी सुरू व्हायच्या आधी त्या गच्चीवर जुनी साडी अंथरून कुरडया घालायच्या आणि वाळल्या की सगळ्या स्टाफला एकेक पिशवी द्यायच्या. पॅनेल्स आली तरी उरलेल्या जागेत त्यांचं चालूच राहिलं.

एप्रिलमध्ये जिल्ह्याहून साहेब लोक सोलरची पाहणी करायला यायचे होते. त्या सकाळी मी वर गेले, तर साडी वाऱ्यानं उडून पॅनेलवर पडलेली आणि काचेवर ओल्या कुरडयांचे चिकट डाग. तळपायाची आग मस्तकात गेली. साडी तशीच गुंडाळून मी खाली आणली आणि व्हरांड्यात, केसपेपरच्या भरल्या रांगेसमोर, मावशींच्या पुढ्यात टाकली. कुरडयांचा लगदा झाला.

"हे तुझ्या घरचं अंगण आहे का?" अहो-जाहो सोडून मी अगं-तुगंवर आले होते.

"चुकलं, सिस्टरबाई. दगड ठिवलता, पर वारं लई सुटलं. मी पुसून घेती. रोज पुसतीच की ते समदे, वल्या फडक्यानं."

"तुला कुणी सांगितलं पुसायला? ओरखडे पडले तर भरून देणार आहेस? आजपासून गच्चीवर पाय ठेवायचा नाही."

रांगेतलं कुणीतरी हसलं. मावशी खाली बसल्या, लगदा साडीत गोळा केला आणि "बरं म्याडम" एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून मी त्यांची सिस्टरबाई राहिले नाही. गच्चीला कुलूप घालून मी किल्ली पर्समध्ये टाकली. आता पॅनेल कोण पुसणार, हा विचार माझ्या डोक्याला शिवलासुद्धा नाही.

मे महिन्यात समोरच्या रस्त्याचं काम निघालं आणि सगळं गाव धुळीनं माखलं. अशाच एका दुपारी वादळ झालं. पाऊस चारच थेंब, पण विजेचे खांब पडले. त्याच वेळी एक बाई बाळंतपणाला आली, दिवस पुरे न भरलेली. मी निर्धास्त होते, आपल्याकडे सोलर आहे म्हणून. अर्ध्या तासात इन्व्हर्टर कुंई कुंई करत गप्प झाला.

बाळ झालं ते दोन किलोहूनही कमी. आईला रक्तस्राव थांबेना, डॉक्टर आणि मी तिच्यापाशी अडकलेलो. वॉर्मर गार, आणि बाळाचे पाय त्याहून गार. मावशींनी कुणाला विचारलं नाही. बाळ उचललं, भिंतीकडे तोंड करून चोळीच्या गाठी सोडल्या, त्याला छातीशी धरलं आणि वरून पदर गुंडाळला. नव्या आयांना मी हे शिकवत असताना त्या नुसत्या फरशी पुसत असतात, असं मला वाटायचं. अँब्युलन्स आली, मांजरसुंब्यावरून बीडला पोचली, तोवर त्यांनी बाळाला अंगापासून दूर केलं नाही. बीडच्या डॉक्टरांच्या हाती दिलं तेव्हा त्याचे पाय उबदार होते. आई वाचली, बाळही वाचलं.

तिसऱ्या दिवशी माजलगावहून सोलर दुरुस्त करणारा आला. मी कुलूप काढून दिलं. धुळीवर चार थेंब पडून सगळ्या काचांवर चिखलाचा थर वाळला होता, वर कबुतरांची घाण. बॅटरीत काही दोष नव्हता, ती भरलीच नव्हती. त्यानं मोबाईलवर मागच्या नोंदी पाहिल्या.

"एप्रिलपस्तोर तर मस्त चाललंय की. तवा कोण पुसत व्हतं?"

"आमच्या मावशी."

"मंग बंद कावून केलं?"

मी बादली आणायला खाली गेले. आमच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो. पेशंटसोबतचे लोक बाटल्यांत उरलेलं पाणी तसंच सोडून जायचे, ते मावशी रोज एका बादलीत जमवायच्या. कशाला, ते तेव्हा कळलं.

संध्याकाळी त्या जिन्यात एकट्या भेटल्या. मी किल्ली पुढे केली. "मावशी, माझं चुकलं. तुम्ही सांगत होतात, मी ऐकलं नाही."

त्यांनी किल्ली घेतली नाही. "रागावलात तवा समदे व्हते, म्याडम," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. पोछा उचलून त्या वॉर्डात गेल्या.

मला समजलं काय करायला हवं ते. सोमवारी बोलू, ओपीडी भरलेली असते, असं ठरवलं. ओपीडी दर सोमवारी भरायची आणि दर सोमवारी मला मुख्य नर्सची पत आठवायची. एवढ्या लोकांत सफाईवालीची माफी मागायची, हे जिभेवर येईना. याची मला आजही लाज वाटते. फडकं मात्र मी हाती घेतलं. तेवढ्यानं भागेल असं वाटलं होतं.

हिवाळ्यात मावशी निवृत्त झाल्या. निरोपाचा कार्यक्रम त्याच व्हरांड्यात झाला. सगळा स्टाफ होता, पेशंटची रांग बाजूला उभी होती आणि माईक माझ्या हातात होता. मी म्हणाले, मावशी कष्टाळू, प्रामाणिक, मनमिळाऊ. त्या खुर्चीत ताठ बसून सारा वेळ माझ्याकडेच बघत होत्या. त्या वाट बघताहेत, हे मला दिसत होतं. मी जरा थांबले. मग त्यांना निरोगी दीर्घायुष्य चिंतलं आणि टाळ्या वाजल्या.

मी त्यांच्या खांद्यांवर शाल पांघरली, नारळ दिला. मावशींनी तो पदरात घेतला.

"येती, म्याडम," त्या म्हणाल्या आणि पायऱ्या उतरल्या.