कप्तानबायनं दरवाजा लावला

कप्तानबायनं दरवाजा लावला आन् मी मोबाईलवरनं डोळे वर केले तर पोरगी तिथं नव्हती.

आत्ता तर होती. पाण्याच्या टाकीच्या सावलीत, माझ्यापासून चार हातांवर, खडे घेऊन बसली होती. आमच्या पाड्यात पिच्चर चालेल इतकी रेंज फक्त त्या टाकीपाशी येते, म्हणून मी पिच्चर बघायला वर चढलेले. टाकीच्या मागं उतार हाय, उतारावर करवंदीच्या जाळ्या, आन् जाळ्यांच्या खाली जुनी दगडखाण. खाण बंद पडून किती वर्षं झाली, पण खड्ड्यात मे महिन्यातसुद्धा पाणी राहतं, हिरवं, तळ दिसत नाय. मी उठले. चप्पल कुठं राहिली माहीत नाय. तिला हाक मारायला तोंड उघडलं, आन् हाक आली नाय.

हे मला नीट सांगायचं हाय, कारण सगळी बोलतात का घाबरून आवाज बसला असेल. आवाज नव्हता बसला. मला माझ्या पोरीचं नाव घेता येईना. तिचं नाव मी त्या कप्तानबायचंच ठेवलेलं, आन् त्या बाईनं आत्ता, पिच्चरमधे, माझ्या डोळ्यांदेखत, एका लहान पोरीला बाहेर ठेवून दरवाजा लावला होता. नाव जिभेवर आलं आन् तिथंच चिकटलं. मी नुसती "गो, गो पोरी, ए गो" करत उतारावरनं धावत सुटले.

कप्तानबाय कोण ते आधी सांगते, नायतर तुमाला कळायचं नाय.

माझं माहेर मुरबाडकडं, धसईच्या पुढं, डोंगराला लागून. मावशी भातसानगरला धरणाच्या कॉलनीत एका साहेबाकडं भांडीधुणी करायची. सुट्टीत मला घेऊन जायची, मी भांडी पुसायची. रविवारी दुपारी साहेबाच्या टीव्हीवर तो पिच्चर लागायचा, बाहेरच्या देशातला, हिंदीत केलेला. मी दाराशी पायपुसण्यावर बसून बघायची. आभाळात एक जहाज, पण पाण्यातलं नाय, ताऱ्याताऱ्यावर जाणारं, आन् त्याची कप्तान एक बाई. बाई सगळ्या बाप्यांना हुकूम देते हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. जहाज कुठंतरी उतरायचं, तिथं काय ना काय संकट यायचं, आन् निघायच्या आधी कप्तानबाय दारात उभी राहून डोकी मोजायची. एक जरी कमी असलं तरी दरवाजा लावायची नाय. मागं आग असूदे, इंजिन बंद पडूदे, तिच्या हाताखालचे ओरडूदे का मॅडम चला, ती उतरायची, परत जायची, राहिलेल्याला खांद्यावर टाकून आणायची. सात भाग आले. साती भागांत तसंच.

साहेबाची बायको एकदा बोलली, "काय गं, तुला कळतं का त्यातलं काही?"

मी बोलले, "कळतं. आमची आजी शेरडं मोजते तशी मोजते ती."

ती इतकी हसली का तिच्या हातातला चहा सांडला, मंग तो मीच पुसला.

आता दुसरी गोष्ट. आमच्यात पोर ज्या वारी होतं त्या वाराचं नाव ठेवतात. सोमवारी झालं तर सोमवारचं, बुधवारी झालं तर बुधवारचं. माझंपण तसंच. माझ्या सासूचंपण. घरी काय वाटत नाय, पण आश्रमशाळेत माझ्या वर्गात एकाच वाराच्या आमी चौघीजणी होतो. सर बोलले, गोंधळ नको, आन् आमाला नंबर दिले. मी तीन नंबर. "तीन नंबर, फळा पूस." "तीन नंबर, तुझी मान खाली का?" आठवीपर्यंत मी तीन नंबर होते. ओढ्यावर कपडे धुताना मी पोरींना त्या जहाजाच्या गोष्टी सांगायची, आमच्या बोलीत, मधे मधे माझ्या पदरचं घालून. तेवढ्या वेळापुरती मी कप्तान असायची, मी पोरींना मोजायची आन् मंगच आमी वर यायचो. शाळा सुटली, लग्न झालं, शहापूरकडं आले, तरी मी मोबाईलवर ते भाग परत परत बघायची. नवरा बोलायचा, "झाला ना तोंडपाठ, आता परीक्षा दे."

पोरगी झाली तेव्हा मला जाम त्रास झालेला. रक्त थांबेना, डॉक्टरीण पळत होती, कोणीतरी बोललं का हिच्या माणसाला बोलवा. मी छताकडं बघत पडलेले. मला देव आठवला नाय, खरं सांगते. मला ती दारात उभी राहिलेली आठवली. ती मोजेल, तिला एक कमी दिसेल, ती येईल. असं मनात घोकत राहिले. वाचले, आन् पोरीचं नाव ठरलं.

बारशाला सासू पोरीच्या कानात वाराचं नाव बोलायला वाकली, त्याच्या आधीच मी माझं नाव बोलून टाकलं. सासू बोलली, "हे कुठलं नाव गो? कोणाच्या घरातलं?"

"आभाळातलं," मी बोलले.

"मंग आभाळातच ठेव. इथं हाक मारताना माझी जीभ वळत नाय."

दोघी हटून बसलो. नवऱ्यानं जन्माच्या दाखल्यावर नावाची जागा कोरी ठेवली, बोलला, तुमचं दोघींचं ठरलं का सांगा. कधी ठरलंच नाय. अंगणवाडीच्या वहीत 'बेबी' लिवलं. आता पोरगी साडेपाच वर्षांची झाली, जूनला पहिलीत जाणार. शाळेच्या मॅडम बोलल्या का सोमवारी येऊन नाव सांगा, एकदा रजिस्टरला चढलं का तेच आधारला, तेच दाखल्याला, तेच जन्मभर. मी खूश होते. मी सासूला सांगूनपण टाकलेलं का सोमवारी मी माझंच सांगणार. आन् त्याच आठवड्यात आठवा भाग आला. सहा वर्षं मी त्याची वाट बघत होते.

तर मी उतारावर होते.

पाय सोलले, ओढणी काट्यात राहिली. खाणीच्या काठावर गेले, पाण्यात बघितलं, पाणी हलत नव्हतं. हलत नाय म्हणजे चांगलं का वाईट तेच समजेना. पलीकडच्या अंगाला सासू शेरडं घेऊन होती. तिनं मला अनवाणी पळताना बघितलं आन् काय झालं ते तिला विचारावंच लागलं नाय. तिनं तोंडापाशी हात धरला आन् हाक मारली. वाराच्या नावानं.

आन् जाळीतनं लगेच "ओ" आली.

लगेच. दुसरी हाक लागली नाय. पोरगी जाळीखालनं बाहेर आली, तोंड काळंनिळं, फ्रॉकच्या ओच्यात करवंदं. मी तिला धरलं, इतकी आवळली का ती बोलली, "आये, करवंदं चेपली." मी रडत होते, हसत होते. मंग एकदम माझ्या डोक्यात शिरलं का तिनं 'ओ' दिली ती सवयीनं दिली. नवीन नावाला कोणी अशी ओ देत नाय.

मी सासूला बोलले, "किती दिवस?"

"काय किती दिवस?"

"ह्या नावानं किती दिवस बोलवता तिला?"

सासूनं शेरडाला काठी मारली. "दात आले तेव्हापासनं."

"माझ्या मागं."

"तुझ्या पुढं बोलवली असती तर तू चार दिवस जेवली नसतीस." मंग बोलली, "माझ्या संगती रानात फिरते ती. डोंगरातल्या देवाला वाराचं नाव कळतं. तुझं ते पिच्चरमधलं त्याला कुठनं कळणार?"

पोरगी आमच्या दोघींकडं बघत होती. बोलली, "आजी बोलली होती आयेला सांगू नको."

साडेपाच वर्षांची पोरगी माझ्याशी गुपित ठेवून राहत होती, आन् मला वाटायचं मला तिचा श्वासपण ऐकू येतो.

नवरा आसनगावच्या गोडाऊनमधनं आला, मी त्याला सगळं सांगितलं. त्याला खाणीची भीती वाटली, ते त्याच्या तोंडावर दिसलं. पण दरवाज्याचं सांगितलं तेव्हा बोलला, "त्या बाईला फोन लाव ना, बोल उघड दरवाजा."

"चेष्टा करू नका."

"अगं, पिच्चर हाय तो. त्यांनी ठरवलं, तिनं लावला."

त्या जहाजाच्या चाहत्यांचा मोबाईलवर एक ग्रुप हाय, मी त्यात हाय, पण कधी बोलत नाय, तिथं सगळी हिंदी-इंग्लिशवाली. त्या दिवशी मी आवाज भरून पाठवला, मोडक्या हिंदीत, का तिनं दरवाजा का लावला, ती तर मोजते ना. एकानं उत्तर दिलं, "दीदी, यही तो रियल है." दुसऱ्यानं हसणारी तोंडं टाकली. एकीनं लिवलं का पूरी देखो, फिर बोलो.

म्हणून तीन दिवसांनी मी परत टाकीपाशी गेले. ह्या वेळी पोरीला मांडीवर घेऊन, तिच्या फ्रॉकचा बंद माझ्या मनगटाला बांधून. पुढचं बघितलं. नसतं बघितलं तर बरं झालं असतं. पुढं ती कप्तानबाय एका खुर्चीत बसून कबूल करते का हे पहिल्यांदा नाय. दुसऱ्या भागातपण तिनं एकाला सोडलेलं. पाचव्यातपण दोघांना. ती मोजायची, कमी भरायचे, आन् ती मोठ्यानं बोलायची का पूर्ण हायेत. आपल्याला दाखवलंच नव्हतं तेवढं. आता दाखवलं, जुन्या भागातलीच ती जागा, जहाज वर चाललंय आन् खाली एक माणूस हात हलवतोय. लहानपणी मी ते बघितलं तेव्हा तो हात दिसला नव्हता, कारण तेव्हा तो त्यात नव्हताच. आता घातला. नुसती ती एक लहान पोरगी सोडली असती तर मी रडले असते, रागावले असते, पुढच्या भागात तिला सोडवायला जाईल अशी वाट बघितली असती. पण त्यांनी माझे जुने साती भाग माझ्याकडनं काढून घेतले. मी ओढ्यावर सांगितलेल्या गोष्टी खोट्या केल्या. आन् दवाखान्यात मी छताकडं बघत जिला बोलवत होते, ती मला मोजून, कमी भरले तरी, पूर्ण हायेत बोलून गेली असती.

पिच्चर बनवणाऱ्यांना मी कोण ते माहीत नाय. पण मी त्यांचं ऐकलं होतं ना. सतरा-अठरा वर्षं ऐकलं.

सोमवारी आमी तिघी शाळेत गेलो, मी, सासू आन् पोरगी. नवऱ्याला सुट्टी मिळाली नाय, निघताना बोलला, "जे सांगशील ते मला चालेल," म्हणजे सगळं माझ्यावरच टाकून गेला. सासूनं नवं लुगडं नेसलेलं. मला वाटलं भांडायची तयारी करून आलीय.

मॅडमनी रजिस्टर उघडलं. निळ्या शाईचं पेन. "हां, बोला. मुलीचं नाव?"

मी पोरीकडं बघितलं. ती टेबलाच्या कडेला नाक लावून पेनाकडं बघत होती. माझ्या मनात एवढंच आलं का परत कधी ती दिसेनाशी झाली तर माझ्या तोंडातनं कुठली हाक निघेल. जी निघेल असं वाटलं ती मी सांगितली. वाराची.

मॅडमनी लिवलं. एक ओळ, संपलं.

सासूनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलेलं ती हसेल. ती हसली नाय. बाहेर आल्यावर बोलली, "मंग इतकी वर्षं माझ्याशी भांडलीस कशाला? मला वाटलं तुझ्याकडं काय तरी धरून ठेवण्यासारखं हाय." आन् थोडं पुढं जाऊन, "मी आज तुझं नाव सांगायला आले होते. खाणीपाशी तुझ्या तोंडातनं नुसतं 'गो, गो' निघालेलं मी ऐकलं, आजपण तुला बोलता आलं नाय तर मी सांगणार होते. चार दिवस पाठ करत होते."

मला रस्त्यातच बसावंसं वाटलं.

पोरीनं माझा हात ओढला. "आये, मंग आता तू मला काय बोलवशील?"

मी बोलले, "घरी गेल्यावर सांगते." आज अकरा दिवस झाले, मी सांगितलं नाय. सासू तिला आता कधी ह्या नावानं, कधी त्या नावानं बोलवते, जीभ वळवून वळवून, आन् पोरगी दोन्हीला ओ देते. मी नुसती "गो" बोलते. मॅडम बोलल्या का महिना अखेरपर्यंत अर्ज दिला तर बदलता येईल, त्याच्यानंतर लय हेलपाटे. अर्ज माझ्याकडं हाय, नवऱ्यानं आणून ठेवलाय, कोरा.

मी चुकले का तेच मला समजत नाय. त्या बाईनं दगा दिला म्हणून मी तिचं नाव पोरीवरनं काढलं, का मीच घाबरून पोरीचं नाव बाहेर ठेवलं? तुमी सांगा. मॅडम पेन घेऊन बसल्यायत, सासू बाजूला हाय, पोरगी बघतेय, आन् जिच्यावर तुमी लहानपणापासनं जीव लावला ती तशी निघाली. तुमी काय लिवायला सांगितलं असतं?