सोन्याच्या वर्खाची बाटली

हिवरखेडच्या गावंड्यांच्या घरात ऐकून घेणारा माणूस जन्माला येत नाही असं लोक म्हणत, आणि सहदेव तर त्या घराच्याही वरताण होता. काळ्या जमिनीचा तुकडा थोरल्या भावाच्या हवाली करून तो अकोल्याला आला आणि जठारपेठेजवळच्या एका धर्मार्थ दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीत चिकटला. बारा वर्षं त्यानं रोग्यांचे मोडके हातपाय यंत्राखाली धरले. शिशाच्या हातमोज्यांची जोडी दवाखान्यात एकच, आणि ती डॉक्टरांच्या हातात. सहदेवच्या डाव्या हाताच्या तीन बोटांची नखं गेली, कातडी वाळल्या भेंडीसारखी झाली. कोणी विचारलंच तर तो म्हणे, "किरण खाल्ले. गोड नसतात."

मध्यंतरी कर्करोगाच्या गाठीत टोचून ठेवायला दवाखान्यानं रेडियमच्या दहा सुया आणल्या, तेव्हा सहदेवला तीन आठवडे मुंबईला शिकायला पाठवलं. तिथून तो एक बाटली करायला शिकून आला. काचेची रुंद बाटली, तोंडाशी गंधक ओतून त्यात बसवलेली पितळी कांडी, आणि कांडीच्या खालच्या टोकाला वैद्याकडून मागून आणलेल्या सोन्याच्या वर्खाच्या दोन बारीक पट्ट्या. काळी फणी घोंगडीवर घासून कांडीला लावली की पट्ट्या एकमेकींपासून फाकायच्या आणि तशाच राहायच्या. रेडियम जवळ आलं की मिटायच्या. वऱ्हाडच्या कोरड्या उन्हाळ्यात ही बाटली फार इमानदार असे. व्यवस्थापक केशवराव तिला सहदेवचं खेळणं म्हणत.

वैशाखातल्या एका मंगळवारी सकाळी सहदेवनं नव्या रोग्यासाठी शिशाचा डबा उघडला, तर सुया नऊच.

दहावी कशी हरवली असेल ते त्याला तिथंच उमगलं. शुक्रवारी डॉक्टर भगवंतरावांनी शेंदूरजनाघाटच्या एका बागवानाच्या जिभेवरच्या गाठीतून सुया काढल्या होत्या. बाहेर अमरावतीच्या लग्नाला जायची मोटर भोंगा वाजवत होती. डॉक्टरांनी सुया डब्यात टाकल्या, झाकण लावलं आणि निघाले. मोजल्या नाहीत.

"गटारात गेली असेल," डॉक्टर म्हणाले. "नवी मागवू."

"गटारात कशाला जाईल?" केशवराव म्हणाले. "प्लॅटिनमची सुई आहे ती, सोन्याहून महाग. नोकरमाणसांची झडती घ्या, आपोआप निघेल."

सहदेव दोघांचंही ऐकायला थांबला नाही. त्याला मंगळवार आठवला होता. आठवडाभराचे घाणेरडे बोळे आणि पट्ट्या मागच्या खड्ड्यात दर मंगळवारी जाळत. तो पोचला तेव्हा चौकीदार चंद्रभान रॉकेल ओतून काडी ओढायच्या बेतात होता. सहदेव सरळ खड्ड्यात उतरला आणि रॉकेलात भिजलेल्या चिंध्यांवर मांडी घालून बसला.

"चंद्रभान, काडी लावशील तं पयले माह्या धोतराले लाव."

"काहून जी? मॅनेजरसायबाचा हुकूम हाय मले."

"सुई याच्यात असली अन् आगीत फुटली, तं तिच्यातली भुकटी धुरासंगं उडन. सारी जठारपेठ खाईन ते. तुही पोरंबी."

चंद्रभाननं काडेपेटी खिशात घातली.

पुढचे दोन तास सहदेवनं खड्डा बोट बोट शोधला. लांब चिमट्यानं एकेक चिंधी उचलायची, बाटलीशी न्यायची, वर्खाच्या पट्ट्यांकडे बघायचं आणि बाजूला टाकायची. मग गटार, मग गाद्या, मग धुण्याचे गठ्ठे. पट्ट्या फाकलेल्याच राहिल्या. वरून ऊन आग ओकत होतं आणि व्हरांड्यातून केशवराव हसत होते. सहदेवला रागापेक्षा भीती जास्त वाटत होती. सुई कुठंच नाही याचा अर्थ ती कोणाजवळ तरी आहे, आणि ज्याच्याजवळ आहे त्याला कसलाच पत्ता नाही.

तो खोलीत येऊन बाटली टेबलावर ठेवतो न ठेवतो, तोच वॉर्डातली जमुना बादली घेऊन दारात आली. "सहदेवभाऊ, फरशी पुसू का?" ती दोन पावलं आत आली आणि वर्खाच्या पट्ट्या मिटू लागल्या. तिसऱ्या पावलाला पार मिटल्या.

जमुना मोर्णा नदीकाठच्या माळ्याची बायको. सकाळी वॉर्डात झाडलोट, संध्याकाळी घरी मोगऱ्याचे गजरे. माळणीच्या गळ्यातल्या पोतीला कायम एक सुई अडकवलेली असते. फुलं समोर आली की सुई शोधत बसायला वेळ कोणाला असतो?

"जमुनाबाई, हाय तिथंच उभी राय. गळ्यात काय हाय तुह्या?"

"पोत हाय, अन् सुई हाय." तिनं सरळ दाखवली. "शुक्करवारी चादर झटकली तं पडली. रेशमाचा दोरा ओवेल होता, मंग घेतली. बोथट हाय, पण गजऱ्याले चालते. काहून?"

सहदेवनं मनात दिवस मोजले. चार दिवस आणि चार रात्री ती सुई तिच्या गळ्याच्या खळगीवर टेकून होती.

पण ती घाबरली तर सुईला हात घालील, म्हणून तो आवाज न चढवता बोलला. सुईला हात लावू नको. पोत मागून सोड, टेबलावर ठेव, आणि भिंतीशी जा. त्यानं लांब चिमट्यानं रेशमाचा दोरा धरून सुई उचलली, शिशाच्या डब्यात टाकली आणि झाकण लावलं. मग सुईतून काही झिरपलंय का ते पाहायला नवी फणी घासून पट्ट्या पुन्हा फाकवल्या. बाटली पोतीजवळ नेली, मग तिच्या बोटांजवळ, नखांजवळ, पदराजवळ. पट्ट्या हलल्या नाहीत. तरी तिला साबणानं आंघोळ करायला लावली, लुगडं बदलायला लावलं, घरून फुलांची टोपली मागवली आणि पुन्हा एकवार सगळं तपासलं. सुई शाबूत होती. आत शिरलेलं काही नव्हतं. जे व्हायचं ते वरून झालं होतं, गळ्याखाली बोराएवढ्या लाल डागावर.

"हे जळल्यावानी व्हईन," त्यानं तिला खरं ते सांगितलं. "आठ-दहा दिवसांनं फोड, मंग जखम. भरायले महिने लागतीन. शेकायचं नाई, चुना-हळद काई लावायचं नाई. माह्यावर झालं हाय, मले मालूम हाय."

"पण मले कोणीच काई सांगतलं नाई भाऊ," जमुना म्हणाली. "एवढ्याशा सुईचं."

सहदेवनं तिच्या डागावर कोरडी पट्टी बांधली.

केशवरावांकडे मात्र उत्तर तयार होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी जबानीचा कागद सहदेवपुढे सरकवला. जमुनानं कपाटातून सुई चोरली, सहदेवनं ती पकडली, बाई फौजदाराच्या हवाली, दवाखान्याचा तिच्या जखमेशी संबंध नाही. खाली सही तेवढी करायची होती.

"हे लबाडी हाय," सहदेव म्हणाला. "चोर सोडून संन्याशाले फाशी."

"नोकरी जाईल तुझी."

"बोटं गेली, तवा कोणी इचारलं नाई. नोकरीचं आता इचारून राहिले."

रविवारी दवाखान्याचं मंडळ बसलं. अध्यक्ष, कापसाच्या जिनचे मालक उत्तमराव मधल्या खुर्चीत, शेजारी मान खाली घातलेले डॉक्टर, समोर कागद घेतलेले केशवराव. जमुना दाराशी पदर गळ्याभोवती लपेटून उभी होती. केशवरावांनी चोरी चांगली रंगवून सांगितली. त्यांचं संपल्यावर सहदेवनं शिशाचा डबा आणला आणि झाकण न उघडता त्यांच्यापुढे ठेवला.

"चोरीचा माल हाय म्हणता नं सायेब? मंग जप्त करा. हे सुई काढतो, चार दिस खिशात ठेवा."

केशवराव खुर्चीसकट मागे सरकले. डॉक्टरांनीही पाय आत घेतले.

"म्हणजे तुमाले समद्याईले मालूम हाय," सहदेव म्हणाला. "फकस्त जिले रोज त्या चादरी झटकायच्या, तिले कोणी सांगतलं नाई. सुया मोजल्या नाई हे चूक डॉक्टरसायबाची. अन् तिले सांगतलं नाई हे माही. वॉर्डातल्या लोकाईपाशी रेडियमचं नाव काढू नको असा हुकूम होता, म्या तो मुकाट्यानं पाळला. त्याची मले लाज वाटते. चोर लिहायचाच असन तं माहं नाव लिहा."

उत्तमराव डॉक्टरांकडे वळले. मग भगवंतराव उठले आणि म्हणाले, "मी मोजल्या नव्हत्या." एवढंच, पण ते पुरेसं होतं. उत्तमरावांनी जबानीचा कागद उभा फाडला. जमुनाची नोकरी राहिली, तिची मलमपट्टी दवाखान्यानं करायची ठरली. सहदेवला मात्र ताकीद मिळाली. मंडळासमोर उर्मट बोलला म्हणून, आणि रेडियमविषयी नोकरांत यापुढे चकार शब्द काढायचा नाही, काढला तर त्याच दिवशी घरी.

ती ताकीद पाळली असती तर तो गावंडे कसला? तीन आठवड्यांनी, भर सकाळी, निंबाच्या झाडाखाली त्यानं दवाखान्याची सगळी नोकरमाणसं गोळा केली. झाडूवाल्या, धुण्याची माणसं, चंद्रभान, सगळे. बाटली स्टुलावर मांडली आणि नखं गेलेला हात वर धरून सांगायला सुरुवात केली, की ही सुई कशी दिसते, दिसली तर काय करायचं, आणि मुख्य म्हणजे काय करायचं नाही.

केशवराव तरातरा आले. "हे कोणाच्या परवानगीनं चाललंय?"

सहदेव तोंड उघडणार तोच पुढं बसलेली जमुना उठली. तिनं गळ्याची पट्टी सोडली. खळगीवरची जखम आता चांगली तळहाताच्या खोलगटाएवढी झाली होती, ओली, कडेनं काळवंडलेली.

"हिच्या," जखमेकडे बोट करून ती म्हणाली.

केशवरावांनी तिच्याकडे बघितलं, मग खाली बघितलं, आणि आल्या पावली परत गेले. जमुनानं पट्टी पुन्हा बांधली आणि खाली बसली. "सांगा भाऊ," ती म्हणाली. सहदेवनं पुढचं सांगायला घेतलं.