शबाना झोपलीय, गिरणी चालू ठेवा!

कबड्डीच्या टीममध्ये मी बहुतेक बेंचवरच असते. बेंचवर बसलं की किस्से आपोआप साठतात, ग्राउंडबाहेर चपला साठतात तसे. आमचे निम्मे किस्से तर झोपेचेच आहेत!

नव्या कोच मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं, "रात्री कधी झोपता गं?"

कोमल म्हणाली, "मोबाईलची बॅटरी संपली की!"

तेव्हापासून नियमच झाला. प्रॅक्टिसच्या आधी वर्गात सतरंजी टाकून झोपायचं.

हे कळल्यावर कोमलचे आबा खुटबावहून तडक शाळेत आले. "मॅडम, पोरी खेळायला धाडल्यात का निजायला?"

मॅडम म्हणाल्या, "आबा, शर्यत पळून आलेला बैल लगेच नांगराला जुंपता का?"

"येडा हाय का मी? सावलीत निजू देतो त्याला!"

आबांनी एकदा आम्हा झोपलेल्या पोरींकडे बघितलं. मग वहाणा हातात घेऊन हळूच बाहेर गेले.

शबाना आमची रेडर. तिची शाळेतली ही शेवटची फायनल, आणि तिच्याच आधी घोटा मुरगळला! डॉक्टर म्हणाले, "हाड शाबूत आहे. पण सूज उतरली तरच खेळायचं. भरपूर झोप घे."

तिच्या अब्बांची पिठाची गिरणी घराला लागूनच आहे. त्यांनी दुपारची गिरणी बंद ठेवली. बायका डबे घेऊन दारात उभ्या, आणि अब्बा ओठांवर बोट ठेवून, "पोरगी निजलीय!"

तेवढ्यात शबाना लंगडत बाहेर आली. "अब्बा, गिरणी चालू करा ना. आवाज नसला की झोपच येत न्हाई!"

जन्मापासून ती त्या घरघरीतच झोपलेली. पण रिकामी गिरणी चालवली तर दगड झिजतात. मग काय, अख्खी आळी मुद्दाम दुपारीच दळण आणायला लागली!

मी रोज तिला वह्या द्यायला जायचे. आदल्या दिवशी सुजेत बुडालेलं घोट्याचं हाड दुसऱ्या दिवशी जरा वर आलेलं असायचं. ती नुसती झोपलेली, आणि आत कुणीतरी गुपचूप दुरुस्ती करत होतं. मी वह्या हातात धरून बघतच राहायचे.

शेवटी डॉक्टरांनी होकार दिला. फायनल दौंडला, दुपारनंतर. मॅडमची अट एकच, "आधी झोप, मग मॅच."

पण परक्या शाळेत शबानाला झोप येईना. ती नुसती कूस बदलत होती. मॅडमनी अब्बांना फोन लावला. त्यांनी मोबाईल गिरणीजवळ ठेवला, आणि वर्गात घरघर सुरू झाली. शबाना झोपली. तिच्या मागोमाग आम्ही सगळ्याच!

जाग आली तेव्हा शबाना उभी होती. तिनं घोटा गोल फिरवला. एक उडी मारली. आणखी एक. "माझे बूट कुठंयत?" म्हणत ती ग्राउंडकडे पळत सुटली.

फोन सतरंजीवरच राहिला होता. मी तो कानाला लावला. गिरणी अजून चालूच होती, आणि तिच्या वरताण आवाजात, खुटबावहून दळण घेऊन आलेले कोमलचे आबा ओरडत होते, "पोरगी उठली का? माझी बाजरी संपली, आता गव्हाचं पोतं सोडतोय!"