सिस्टरची करंगळीएवढी बॅटरी

गायकवाड सिस्टरनी माझा घसा पंधरा वर्षांत दीडशे वेळा तरी पाहिला असेल, आणि मला घशाचा आजार कधीच नव्हता. कर्जतच्या बाजारात माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. जोडीला बॅटऱ्या, सेल, बल्ब असलं किरकोळ सामान ठेवत असे. सिस्टर कळंबच्या बाजूला सरकारी नर्स होत्या. महिन्याच्या मीटिंगला तालुक्याला आल्या की दुकानात यायच्या. नवी आलेली छोटी बॅटरी हातात घ्यायच्या, पिशवीतून चमचा काढायच्या आणि म्हणायच्या, "दामूभाऊ, आ करा." मग बॅटरी दातांत धरून एका हाताने माझी हनुवटी वर करायच्या, दुसऱ्या हातातल्या चमच्याच्या दांड्याने जीभ दाबायच्या आणि आत डोकावायच्या. दुकानात घड्याळ घ्यायला आलेली माणसं हसायची. मी तोंड उघडं ठेवून उभा. शेवटी त्या निकाल द्यायच्या, "पडजीब दिसली, पन मागचं काय दिसंना. नापास."

अंगाने किडकिडीत, चालणं मात्र सुतारपक्ष्याच्या ठोक्यासारखं भरभर. पांढरी साडी, पायांत रबरी चपला, कमरेला किल्ल्यांचा छल्ला. त्याला औषधांच्या कपाटाची किल्ली, खोलीची किल्ली आणि करंगळीएवढी ती बॅटरी. सरकारने त्यांना दोन सेलची मोठी बॅटरी दिली होती, पण तिच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "मोठी बॅटरी गावाची असते, भाऊ. सरपंच नेतो, तलाठी नेतो, कुनाची म्हस हरवली तर तो नेतो. लहान तेवडी माजी." कमरेची किल्ली कोणी उसनी मागत नाही, तसंच कमरेच्या बॅटरीचं, असा त्यांचा हिशोब.

लहान बॅटरी निवडण्याचं त्यांचं शास्त्र मी पुढे इतर गिऱ्हाइकांनाही सांगत असे. दाबायच्या बटणाची नको, चालताना किल्ली लागून ती आपोआप पेटते आणि सेल संपवते. डोकं पिळून लागणारी घ्यावी. प्लास्टिकची दातांत तडकते, पत्र्याची निसटते. त्या पत्र्याचीच घ्यायच्या आणि मागच्या बाजूला चिकटपट्टीचे दोन वेढे द्यायच्या. बल्ब भिंगाचा हवा, म्हणजे उजेड पसरत नाही, एका जागी पडतो. आतल्या स्प्रिंगवर हिरवा गंज असेल तर ती फुकटही घेऊ नये. आणि शेवटची परीक्षा सगळ्यांत कठीण. बॅटरी लावून माझ्या टेबलावर ठेवायच्या, समोरच्या हॉटेलातून चहा मागवायच्या, तो सावकाश प्यायच्या. चहा संपेपर्यंत उजेड तांबडा झाला नाही तरच बॅटरी पास. चहा त्या कधीच घाईने पीत नसत.

त्यांचं माहेर महाडकडचं. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, आणि मुलीला सातवीपुढे शिकवायचं ठरवलं. नर्सिंगचं शिक्षण घेऊन पहिली नेमणूक खालापूरकडच्या एका गावात झाली. तिथे एका मोठ्या घरी बाळंतपणाला बोलावलं ते मागच्या दाराने. मूल आडवं होतं, पहाटेपासून दुपारपर्यंत झगडून त्यांनी मायलेकरं दोन्ही वाचवली. नंतर चहा दिला तो अंगणात, करवंटीत वरून ओतून. हे सांगताना त्या हसत असत. "पोर भायेर काढायला माजे हात चालले, कपाला चालले नाय." आम्ही ऐकणारेही हसायचो. कशाला हसायचो, हे आता कळत नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो, कारण ही सगळी परीक्षा ज्या श्रावणानंतर सुरू झाली त्या श्रावणाबद्दल लिहिल्याशिवाय सिस्टरांबद्दल लिहिणं म्हणजे लबाडी होईल.

त्या काळी संपलेला सेल कोणी फेकत नसे. घरोघरी खिडकीत सेल उन्हात वाळत पडलेले असायचे, पापडासारखे. ऊन खाल्लेला सेल पुन्हा लागतो, हे खरं आहे. पावसाळ्यात ऊन नाही, म्हणून लोक चुलीच्या उबेला ठेवायचे. मी माझ्या कामाच्या दिव्याखाली ठेवत असे. असा तापवलेला सेल पहिल्या झटक्याला नव्यासारखा लख्ख लागतो. किती वेळ, हे कोणी मोजून पाहत नसे.

त्या श्रावणात सिस्टर मीटिंगहून आल्या त्या चिंब भिजून. वाड्यांवर पोरांत ताप-घशाची साथ होती, आणि त्यांच्या बॅटरीचा उजेड काडीच्या निखाऱ्याइतका उरला होता. "नवा सेल द्या, भाऊ. उद्याच वर जायचंय." मी म्हटलं, "नवे संपलेत. मुंबईहून मालच आला नाही." माल आला नव्हता हे खरं. पण ड्रॉवरमध्ये चार नवे सेल होते. भिवपुरीला वीजघराच्या वसाहतीत राहणाऱ्या एका साहेबांनी आपल्या खिशातल्या रेडिओसाठी ते राखून ठेवायला सांगितले होते. क्रिकेटचा सामना होता, कॉमेंट्री चुकायला नको होती. साहेब माझं मोठं गिऱ्हाईक. मी चिमटा काढायला ड्रॉवर उघडला, लगेच बंद केला आणि दिव्याखालचा तापलेला सेल सिस्टरांच्या बॅटरीत घातला. भिंतीवर पांढरा गोल पडला. "बघा, पुढच्या मीटिंगपर्यंत ओढेल," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि एसटी पकडायला गेल्या.

पुढचं त्यांनीच मला सांगितलं. कळंबच्या वरच्या अंगाला, दोन तासांच्या चढावर ठाकरांची एक वाडी आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या तिथे पोचल्या. चार वर्षांची एक मुलगी तापाने पडली होती, गिळता येत नव्हतं. कारवीच्या कुडाचं घर, त्याला खिडकी नाही, बाहेर धो धो पाऊस आणि ढगांनी भरदुपारी अंधारून आलेलं. सिस्टरनी बॅटरी दातांत धरली, जीभ दाबली. उजेड आधी पांढरा पडला, मग पिवळा, मग तांबडा, आणि गेला. तेवढ्यात घसा लाल दिसला. लाल घसा त्या आठवड्यात त्यांनी दहा पोरांचा पाहिला होता. गोळ्या देऊन, परवा येते सांगून त्या पुढच्या वाडीला गेल्या.

तो घटसर्प होता. त्यात घशात मागे करडा पापुद्रा धरतो. तो पहिल्या दिवशी दिसला तर पोर उचलून तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं, इंजेक्शन मिळालं की बहुधा वाचतं. तिसऱ्या दिवशी मुलीची मान सुजली. झोळीत घालून तिला खाली आणलं. कळंबच्या अलीकडे वाटेतच ती गेली.

आठवड्याने सिस्टर दुकानात आल्या. बॅटरी टेबलावर ठेवली आणि उभ्याच राहिल्या. "हिनं मला फसवलं, दामूभाऊ." मी बॅटरी खोलली, उगाच स्प्रिंग पुसली, आत पाहत राहिलो. वर पाहायची माझी हिंमत झाली नाही. त्या म्हणाल्या, "दुसरी दाखवा. आन् सेल नवा. नसंल तर मी मुंबईला जाऊन आनते." त्यानंतर दर महिन्याला माझा घसा आणि टेबलावरचा चहा सुरू झाला. आवाज न चढवता मागायच्या, पण मिळाल्याशिवाय हलायच्या नाहीत. "तापवलेला सेल पाच मिन्टं हसतो, मंग डोळं फिरवतो," हे त्या दुकानात येणाऱ्या कोणालाही ऐकवत असत. मी ऐकत असे.

सहा-सात वर्षांनी एकदा त्या मीटिंगचा दिवस नसताना आल्या. कळंबजवळच्या एका शेतकऱ्याच्या मुलाच्या घशात त्यांना पापुद्रा दिसला होता. भाजीच्या टेंपोत घालून त्याला दवाखान्यात आणला, इंजेक्शन वेळेवर मिळालं. "दिसला भाऊ, तांदळाच्या दान्याएवडा," असं म्हणून त्या खुर्चीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. त्यांना रडताना मी तेवढ्याच वेळी पाहिलं. पोर वाचलं त्याचं ते रडणं नव्हतं, हे मला समजलं होतं. तरीही मी काही बोललो नाही. बोलायला तो दिवस चांगला होता.

बोललो ते त्या निवृत्त झाल्या तेव्हा. बॅटरी आणि किल्ल्या नव्या नर्सच्या ताब्यात देऊन त्या निरोप घ्यायला आल्या होत्या. कमरेचा छल्ला रिकामा होता. "येते, दामूभाऊ," म्हणाल्या, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सिस्टर, त्या दिवशी माझ्याकडे नवे सेल होते."

त्या उंबऱ्यावरून परत आत आल्या.

"ठाव हाय मला," त्या म्हणाल्या. "ड्रॉवरात दिसलं व्हतं. चार व्हतं."

"मग मागितले का नाहीत?"

"दुसऱ्यासाटी ठेवलेलं मागायचं नाय, असं आमच्यात लहानपनापास्नं अंगी भिनलेलं. दीक्षा घेतली, नोकरी लागली, पन त्ये काय गेलं नव्हतं. तुमी नाय म्हनाला असता तर त्ये तोंड घेऊन मला कुठं जायचं व्हतं? म्हनून गप ऱ्हायले. ती पोर गेली तवा त्ये गेलं." मग म्हणाल्या, "तुमी दिलं नाय त्ये तुमचं. मी मागितलं नाय त्ये माजं. माजं मी तिच्या आयला जाऊन सांगितलं."

मी हात जोडले. म्हटलं, "मला माफ करा."

"मी कोन माफ करनारी? वाडी तितंच हाय. जाऊन या." एवढं म्हणून त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि गेल्या.

मी गेलो नाही. पहिल्या वर्षी गुडघा दुखत होता, दुसऱ्या वर्षी दुकानाची डागडुजी निघाली. निमित्त शोधणाऱ्याला निमित्तांचा तोटा नसतो. तिसऱ्या वर्षी महाडहून त्यांच्या पुतण्याचं पत्र आलं की आत्या गेली. पत्र वाचून मी दुकान बंद केलं, दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली आणि कळंबला उतरून विचारत विचारत वाडीवर चढलो.

मुलीची आई घराबाहेर मोहाची फुलं वाळत घालत होती. केस पार पांढरे झालेले. मी कर्जतचा घड्याळवाला, असं सांगितलं. मग सगळं सांगितलं, सेलाचं, ड्रॉवरचं, साहेबांच्या रेडिओचं. सिस्टर वारल्याचंही सांगितलं. तिने फुलं पसरवणं थांबवलं नाही, पण ऐकत होती. माझं बोलणं संपल्यावर तिने हात पुसले.

"बाय बोलली व्हती मला. दुकानवाला येल म्हून."

"कधी बोलल्या होत्या?"

"पोर गेली त्याच साली." तिने मोहाची पाटी बाजूला सरकवली आणि ओट्यावर जागा केली. "लय उशीर केलास रं. बस."