लसणापेक्षा स्वस्त विमान

ओझरच्या अलीकडे महामार्ग सोडून आत वळलं की खंडेरावांचं वावर लागतं, आणि वावरात विमान. खरंखुरं, लढाऊ, हवाई दलातून निवृत्त झालेलं मिग. बघायला येणारा माणूस आधी त्याच्याभोवती एक चक्कर मारतो, फोटो काढतो आणि मग हमखास विचारतो, "नाना, केवढ्याला बसलं?" खंडेराव माणूस बघून आकडा सांगतात. व्याह्यांना थोडा वाढवून, मेहुण्याला निम्मा करून, आणि एखादा प्राप्तिकरवाला वाटलाच तर "भेट मिळालं" म्हणून. खरा आकडा सांगायचा तर आधी चहा टाकावा लागतो, आणि त्या हकिकतीत ते स्वतः फारसे हुशार दिसत नाहीत. तरी सांगतात. स्वतःची फजिती रंगवून सांगण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नाही.

हौस तशी जुनी. ओझरच्या विमान कारखान्यातून नवं विमान बाहेर पडलं की चाचणीला म्हणून त्यांच्या मळ्यावरूनच जायचं. लहानपणी मेथीच्या जुड्या बांधता बांधता आणि पुढे टोमॅटोला बांबू लावता लावता खंडेरावांनी मान मोडेस्तोवर विमानं पाहिली. पण खाली उभ्या माणसाला विमानाचं पोटच दिसतं. छप्पन्न वर्षं पोट बघून त्यांच्या मनानं घेतलं होतं की एकदा विमानाची पाठ बघायची. ही इच्छा इतकी बिनकामाची होती की त्यांनी ती बायकोलासुद्धा सांगितली नव्हती.

मग रस्ता रुंदीकरणात बांधाकडची जमीन गेली, मोबदल्याचा चेक आला, आणि चेकचा वास लागल्यासारखा झिपरूशेठचा फोन आला. झिपरूशेठचा भंगाराचा धंदा. कुठल्याशा लिलावात त्यानं एक विमान उचललं होतं.

"इंजिन काढलेलं हे, खुर्ची काढलेली हे, बंदुका तर आधीच काढून घेत्यात. पंख कापून वेगळे केलेत," तो म्हणाला. "बाकी विमान एकदम कडक, नाना."

खंडेरावांचा जन्म बाजार समितीत भाजी विकण्यात गेलेला. त्यांच्या तोंडून सवयीनं निघालं, "किलोला काय भाव?"

झिपरूशेठनं दोनशे दहा सांगितला. त्या आठवड्यात लसूण साडेतीनशेवर होता. खंडेरावांच्या डोक्यात तेवढंच शिरलं. लढाऊ विमान लसणापेक्षा स्वस्त मिळतंय आणि आपण अजून विचार कसला करतोय, असं वाटून त्यांनी घासाघीस करून दहा रुपये कमी करून घेतले आणि सौदा जिंकल्याच्या आनंदात घरी येऊन दोन वेळा जेवले. लसूण घरी न्यायला क्रेन लागत नाही, हे त्यांना दुसऱ्या दिवशी सुचलं.

ट्रेलरचं भाडं ऐकून ते खुर्चीत बसले. क्रेनचा तासाचा दर ऐकून पुन्हा उभे राहिले. विमान ठेवायला काँक्रीटचा ओटा हवा, ओट्यावर लोखंडी पाय हवेत, वाटेतल्या विजेच्या तारा उतरवून परत चढवायचा खर्च आणखी वेगळा. पंख जोडून द्यायला एक कारागीर तयार होता, पण त्याची मजुरी विमानाच्या किमतीला भिडत होती. शेवटी पंख बांधालगत आडवे टाकून ठेवायचे ठरले. एवढं होईपर्यंत चेक संपत आला होता.

मालनबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, या सगळ्याला एका शब्दानं हरकत घेतली नाही. "तुमच्या वडलांची जमीन, तुमचा पैसा. जाळा नायतर उडवा," त्या म्हणाल्या. "माझ्या झेंडूला तेवढा हात लावायचा नाय."

झेंडू त्यांचा स्वतःचा होता. ऐन दसऱ्याला तोडणीला येईल असा नेम धरून त्यांनी दहा गुंठ्यांत लावला होता आणि त्याचे पैसे कशाचे, हेही ठरलेलं होतं. लेक पूजा बंगळुरूला. तिचे दिवस दिवाळीत भरत होते आणि डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता, म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी न होता तिकडेच होणार होतं. रेल्वेत इतका वेळ बसायला मालनबाईंचे गुडघे तयार नव्हते. ओझरहून विमान होतं, जावई तिकीट काढून देत होता, पण लेकीच्या बाळंतपणाला जावयाच्या पैशानं जायचं हे मालनबाईंना मान्य नव्हतं. झेंडू विकायचा, तिकीट काढायचं, उरलेल्यात बाळंतविडा न्यायचा, असा त्यांचा बेत होता.

"ट्रेलर दसऱ्यानंतरच येणार," खंडेराव म्हणाले. "तुझ्या एका रोपाला धक्का लागला तर नावाचा खंडेराव नाही."

नवरात्रात मालनबाई शेजारणींबरोबर वणीच्या गडावर दर्शनाला गेल्या, आणि नेमका त्याच दिवशी झिपरूशेठचा फोन आला. गोदाम रिकामं करायचं होतं, ट्रेलर निघाला होता. नको असेल तर एक फार्महाऊसवाला विमानासाठी कधीचा मागं लागलाय, असंही त्यानं घातलं. हे भंगारवाल्याचं नेहमीचं बोलणं आहे, हे खंडेरावांना कळत होतं. गिऱ्हाइकाला हेच वाक्य ते स्वतः हजारदा बोलले होते. तरी त्यांनी "येऊ दे" म्हटलं.

ट्रेलर आला तो विहिरीपाशी अडकला. वळणच घेईना. पुढे घेतला, मागे घेतला, शेवटी ड्रायव्हर खाली उतरला. "नाना, हितनं वळत नाय. सरळ जायचं तर झेंडूतनं, नायतर माघारी नेतो."

तोवर सगळं गाव जमलं होतं. खंडेरावांनी झेंडूकडे पाहिलं. तो असा भरला होता की खालची पानं दिसत नव्हती. मग त्यांनी ट्रेलरवरच्या विमानाकडे पाहिलं आणि म्हणाले, "घाला."

हकिकत इथवर आली की ते थांबतात आणि सांगतात की दुसऱ्या कुणी तसं म्हटलं असतं तर त्याचं तंगडं मोडलं असतं.

मधला पट्टा ट्रेलरनं नेला, कडेचा क्रेननं, आणि उरलेला गावानं. लोक फोटोसाठी रोपांत शिरले, हाताला लागतील ती फुलं तोडून विमानाच्या नाकावर वाहिली, कुणी नारळ फोडला, टाळ्या झाल्या. खंडेराव त्या गर्दीत नवरदेवासारखे मिरवत होते. संध्याकाळी प्रसादाची पिशवी घेऊन मालनबाई परतल्या. विमानाकडे त्यांनी पाहिलंही नाही. पिशवी बांधावर ठेवून त्या चाकांच्या चाकोरीत बसल्या आणि चिरडलेल्यातून धड फुलं वेचू लागल्या.

"मी भरून देतो सगळं," खंडेराव म्हणाले.

"मग पूजाला फोन करा," त्या मान वर न करता म्हणाल्या. "म्हणावं, जरा थांब. आईला यायला जमत नाय."

खंडेरावांना स्वतःची मनापासून लाज वाटली. त्यांनीही खाली बसून फुलं वेचायला सुरुवात केली, पण धड अशी फारशी उरलीच नव्हती.

दसऱ्याच्या पहाटे ट्रॅक्टर धुतला, फवारणीचा पंप, विळे, कोयते, तराजू पाटावर मांडले. आणि घरात माळेपुरती फुलं नव्हती. दर दसऱ्याला फुलं विकायला बसणारे खंडेराव रिकामी पिशवी घेऊन नाशिकच्या फूलबाजारात गेले. नेहमी त्यांच्या शेजारी बसणाऱ्या भागीबाईंनी लांबूनच हाक मारली.

"नाना, लय उशीर! माल कुठं उतरवला?"

"आज माल नाही. आज गिऱ्हाईक," खंडेराव म्हणाले. "पाच किलो द्या."

भागीबाईंनी त्यांच्याकडे बघत बघत फुलं तोलली. बातमी बाजारात पोचलेली होती. खंडेरावांनी दोन रुपये कमी करा म्हणताच त्या म्हणाल्या, "विमानवाल्यांना सूट नाय." आजूबाजूचे सगळे हसले, आणि खंडेरावही हसले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

घरी मालनबाईंनी माळा केल्या. ट्रॅक्टरला घातली, पंपाला घातली, विहिरीच्या मोटारीला, विळ्याकोयत्यांनाही फूल वाहिलं. एक माळ उरली तशी खंडेराव हळूच म्हणाले, "विमानाला?"

"जे राबतं त्याची पूजा," मालनबाई म्हणाल्या. "ते काय राबतं?" आणि उरलेली माळ त्यांनी खराट्याला बांधली.

दुसऱ्या दिवशी खंडेरावांनी झिपरूशेठला बोलावलं आणि बांधालगत पडलेले दोन्ही पंख विकायला काढले. खरेदीला दोनशे दहा म्हणणारा झिपरूशेठ आता एकशे दहावर आला. खंडेरावांनी भांडायचा प्रयत्न केला. झिपरूशेठ म्हणाला, "नाना, लसूणबी उतरलाय." पंखांचे जे आले ते खंडेरावांनी मालनबाईंच्या पुढ्यात ठेवले.

त्यांनी पैसे घेतले. "हे माझ्या झेंडूचे," त्या म्हणाल्या. "तुम्ही दिले असं कुठं सांगत फिरू नका."

पंख गेल्यावर ओट्यावर जे उरलं ते लांबून मुळ्यासारखं दिसू लागलं. गावात त्याला मुळाच म्हणतात. मुळा म्हणायला सुरुवात खुद्द खंडेरावांनीच केली होती, पण ते श्रेय त्यांना कुणी देत नाही.

मालनबाईंना विमानतळावर सोडून खंडेराव मोटारसायकलवरून थेट वावरात आले. शिडी लावली, चढले आणि विमानाच्या पाठीवर उभे राहिले. छप्पन्न वर्षांची इच्छा पुरी झाली. पाठीवर उडालेला रंग होता, गंजलेले स्क्रू होते आणि कावळ्यांनी केलेली घाण होती. याच्यासाठी आपण वडलांची जमीन किलोवर घातली, हे मनात येऊन ते एकटेच मोठ्यानं हसले. तेवढ्यात डोक्यावरून बंगळुरूचं विमान गेलं. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून जोरजोरात हलवलं. विमानाचं त्यांना पोटच दिसलं.

संध्याकाळी फोन आला.

"पोचले. पूजा बरी हे," मालनबाई म्हणाल्या.

"वरनं काही दिसलं का?"

"दिसलं की. खिडकीच मिळाली. आपलं वावर लगेच वळखलं. झेंडूतल्या दोन्ही चाकोऱ्या अजून तशाच दिसत्यात."

खंडेराव न राहवून म्हणाले, "आणि विमान?"

"तेबी दिसलं. शेजारच्या बाईनं इचारलं, खाली ते विमान कुणाचं हो, अन् त्याच्यावर कोण उभं हे?"

"मग? काय सांगितलंस?"

"म्हटलं, काय माहीत. आमचं नाय."

सकाळी पहिला बघ्या आला तेव्हा खंडेराव ट्रॅक्टरवर बसून त्या दोन चाकोऱ्या नांगरत होते. त्यानं चक्कर मारली, फोटो काढला आणि बांधावरून ओरडून विचारलं, "नाना, विमान केवढ्याला बसलं?"

खंडेरावांनी ट्रॅक्टर थांबवला नाही. "काय माहीत," ते म्हणाले. "आमचं नाय."